नळाचं, टँकरचं आणि जारचं: पार्ल्यातल्या एका सोसायटीतून पाणीसेवेचा अभिप्राय

मुंबई महापालिकेचं पाणी आमच्या सोसायटीला हजार लिटरमागे सहा-सात रुपयांना पडतं. त्यावर पाणीपट्टीच्या 70 टक्के मलनिःसारण आकार. दोन्ही धरून दहा-बारा रुपये. तेवढंच पाणी टँकरने मागवलं तर अडीचशे रुपये होतात आणि वीस लिटरच्या जारने मागवलं तर अडीच हजार. हे तिन्ही खर्च आमच्या वहीत आहेत. विलेपार्ले पूर्वेच्या एका जुन्या चार मजली इमारतीची मी सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं, त्यामुळे वही माझ्याच हातची आहे.

आमच्या मीटिंगला उन्हाळ्यात एक विषय हमखास निघतो. "महापालिकेला झेपत नाही, द्या ना एखाद्या कंपनीकडे. चार पैसे जास्त जाऊ देत, पण चोवीस तास पाणी तरी येईल." असं म्हणणारे सगळे शहाणे, कष्टाने घर केलेले लोक आहेत आणि पहाटे उठून पंप लावायचा कंटाळा मलाही समजतो. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे. खाजगी पाणी कसं असेल याचा अंदाज बांधत बसायची गरज नाही. ते आपल्या गेटमधून आत येतं, आपण त्याचे पैसे मोजतो, त्याची सेवा आपल्याला माहीत आहे. मग तिन्हींची तुलना नीट करूया.

नळाच्या पाण्यापासून सुरुवात करते. आपल्या नळाला येणारं पाणी सात तलावांतून येतं: विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा. विहार 1860 सालचा, तुळशी 1879 चा, तानसा 1892 चा. मोडकसागर 1957 मध्ये झाला आणि त्याला शहराचे अभियंता मोडक यांचं नाव आहे. मध्य वैतरणा धरण अगदी अलीकडचं, 2014 चं. सातही तलाव काठोकाठ भरले की साठा होतो 14 लाख 47 हजार दशलक्ष लिटर आणि शहराला रोज लागतात साधारण 3,900 दशलक्ष लिटर. भागाकार करून बघा, जेमतेम एक वर्ष पुरतं. म्हणून सप्टेंबर संपताना तलावांचा टक्का बघायची सवय मुंबईकराला लागलेली आहे आणि पाऊस लांबला की दहा टक्के कपात जाहीर होते. या हिशेबात कोणाचाही नफा धरलेला नाही. कपात सगळ्यांना, दर ठरलेला. माणशी 150 लिटरपर्यंत मूळ दर, त्याच्या पुढे गेलात की दुप्पट, तिप्पट, चौपट. पंचतारांकित हॉटेलला आणि शीतपेयाच्या कारखान्याला आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त, झोपडपट्टीला आपल्यापेक्षा कमी. ज्याला परवडतं त्याने जास्त द्यायचं, ही रचना बिलाच्या कागदात बसवलेली आहे. मला ती या शहराच्या सगळ्यात सभ्य गोष्टींपैकी एक वाटते.

तलावातून पाणी बहुतेक ठिकाणी उताराने येतं. नाशिक-ठाणे जिल्ह्यांतून निघून मोठ्या जलवाहिन्यांमधून, खडकात खोल खणलेल्या बोगद्यांमधून भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग टेकड्यांवरच्या जलाशयांत चढतं. भांडुपचं केंद्र आशियातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी आहे. आपण नळ सोडतो तेव्हा शंभर किलोमीटर लांबीची एक व्यवस्था मागे उभी असते, आणि ती दीडशेहून जास्त वर्षं या शहराने आपल्या करातून बांधत आणली आहे. ठेकेदार होतेच. बोगदे ठेकेदारांनीच खणले, यंत्रं कंपन्यांकडूनच आली आणि त्याला माझी काही हरकत नाही. पण तलाव, वाहिनी आणि दर या तीन गोष्टी शहराच्या हातात राहिल्या.

आता दर्जाबद्दल. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं काम सुरू असताना तिथल्या ठेकेदाराच्या जेसीबीने रस्त्याखालची लाइन फोडली. दोन दिवसांनी तळमजल्याच्या नळाला गढूळ, वास येणारं पाणी आलं. मी टाकीत येणारा व्हॉल्व्ह बंद करायला लावला आणि 1916 वर तक्रार नोंदवली. पाणीखात्याची माणसं आली. त्यांच्याजवळ क्लोरीन तपासायची छोटी बाटली असते. पाणी भरून औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. आला नाही. नमुना दादरच्या महापालिकेच्या प्रयोगशाळेत गेला, अहवाल आला, रस्ता उकरून जोड बदलला गेला, आणि परत बाटलीत पिवळा रंग बघूनच त्यांनी आम्हाला व्हॉल्व्ह उघडायला सांगितलं. मधल्या दिवसांत आम्हाला त्रास झाला, दोन घरांत मुलं आजारी पडली. पण कोणाकडे जायचं, कोणाची सही घ्यायची, अहवाल कुठे मागायचा, हे मला प्रत्येक पायरीला माहीत होतं. अभिप्रायात मी हे सगळ्यात वर ठेवते.

त्याच दिवसांत टँकर मागवावे लागले. दहा हजार लिटरचा टँकर, अडीच हजार रुपये, ड्रायव्हरच्या हातात रोख. पाणी कुठून भरलं असं विचारलं तर "विहिरीचं आहे, मॅडम, एकदम चांगलं." कोणती विहीर? "इकडचीच." पावती मागितली तर पुढच्या खेपेला मिळेल. त्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसला, साबणाला फेस येईना. आम्ही ते खाजगी प्रयोगशाळेत दिलं तर कोलिफॉर्म जंतू निघाले, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची खूण. पुरवठादाराला फोन केला, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पिण्यासाठी कशाला वापरता? आम्ही कुठे पिण्याचं म्हणतो?" कायद्याने तो कदाचित बरोबरही असेल. तहानलेल्या माणसाला पाणी विकायचं आणि पिण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकायची, हे ज्या सेवेत चालतं तिला मी एक तारासुद्धा देणार नाही.

ज्यांना टँकर म्हणजे अडल्यानडल्याची सोय वाटते त्यांनी एप्रिल 2025 आठवावा. भूजलाच्या परवान्यांचे नियम कडक केल्यावर मुंबईच्या टँकरवाल्यांनी संप पुकारला. चार-पाच दिवसांत मोठी संकुलं, बांधकामं, रुग्णालयं, हॉटेलं अडचणीत आली. शेवटी महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून टँकर ताब्यात घेण्याची तयारी केली, तेव्हा संप मागे गेला. भूजलाचे नियम असावेत हे मला पटतं, कारण जमिनीखालचं पाणी उपसायला मर्यादा नसेल तर विहिरी खारट होतील. पण मला त्या प्रसंगातून वेगळी गोष्ट दिसली. पाणी विकणारे एकत्र येऊन थांबले तर शहर थांबतं, आणि सोडवायला येतो तो लोकांनी निवडलेला किंवा लोकांना उत्तरदायी असलेला अधिकार. मग तो अधिकार मुळातच विकून का टाकायचा?

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या टॉवरमध्ये पाण्याचा खर्च मेंटेनन्समध्ये वेगळा मांडतात. बिल्डरने फ्लॅट विकताना "मुबलक पाणी" म्हणून छापलं होतं. आज बरंचसं पाणी टँकरचं आहे. महिन्याच्या शेवटी तिचं बिल बघून मला आमच्या इमारतीची जुनी लिफ्टसुद्धा गोड वाटते.

जारविषयी थोडक्यात. सीलबंद बाटलीला परवाना लागतो, तिच्यावर तारीख असते, तक्रार करता येते. ऑफिसांत, लग्नाच्या हॉलमध्ये आणि आमच्या गच्चीवरच्या कार्यक्रमांना येणाऱ्या सैल झाकणाच्या थंड जारवर मला यातलं काहीच सापडलं नाही. गार आहे म्हणून लोक ते शुद्ध समजतात. आम्ही आता कार्यक्रमाला नळाचं पाणी उकळून, गाळून पिंपात भरतो.

आता एका चौथ्या पाण्याबद्दल. आमच्या वहीत ते नसतं म्हणून कोणी त्याचा विचार करत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई अंधेरी पूर्वेच्या एका वस्तीत राहतात. कित्येक वर्षं त्या पस्तीस लिटरचा कॅन दहा-पंधरा रुपयांना घेत होत्या, ज्याच्या घरात जोडणी होती त्याच्याकडून. म्हणजे हजार लिटरला तीनशे-चारशे रुपये. पार्ल्यातल्या फ्लॅटवाल्यापेक्षा सुमारे तीसपट. हीही खाजगी पाणीसेवाच. तिला कंपनीचं नाव नाही एवढाच फरक, आणि तिच्यात गरीबच जास्त भरतो. वस्तीला माणशी 45 लिटर आणि इमारतींना 135 असा महापालिकेचा जुना हिशेब होता आणि 2000 नंतर वसलेल्या वस्त्यांना तर जोडणीच नाकारली जायची. वस्त्यांच्या पाण्यासाठी लढणाऱ्या पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात दाद मागितली, डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी अनधिकृत असली तरी माणूस तहानेने मरता कामा नये. त्यानंतर 2022 मध्ये महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं. ताईंच्या गल्लीतल्या घरांनी मिळून गटजोडणी घेतली. अर्ज, कागद, प्लंबर, खेटे, सगळं त्यांनीच केलं आणि त्यांना फार वेळ लागला. हा वेळ मी महापालिकेच्या नावावर लिहिते. पण न्यायालयात खेचता आलं, धोरण बदलवता आलं, ते पाणी सार्वजनिक होतं म्हणून. पैसे देणाऱ्यालाच पाणी, असं ज्याचं सूत्र आहे त्याच्याविरुद्ध ताईंनी कशाच्या आधारावर दावा केला असता?

मुंबईत खाजगीकरणाचा प्रयत्न झालेला नाही असं नाही, आणि आमच्याच वॉर्डात झालेला आहे. के पूर्व म्हणजे पार्ले, अंधेरी, जोगेश्वरी पूर्व. 2006 साली जागतिक बँकेशी संबंधित निधीतून कॅस्टालिया या सल्लागार संस्थेला या वॉर्डाच्या पाणीवाटपाचा अभ्यास दिला गेला. व्यवस्थापन खाजगी कंपनीकडे देण्याचा पर्याय त्यात पुढे येत होता. 2007 मध्ये ते लोकांपुढे मांडायची वेळ आली तेव्हा पार्ले-अंधेरीच्या नागरिकांनी आणि कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला आणि प्रकरण मागे पडलं. पुढे 2014 मध्ये पाणीवाटप सुधारण्याचं काम फ्रान्सच्या सुएझ कंपनीला मिळालं आणि मुलुंड आणि वांद्रे-खार भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग ठरला. मुंबईकर आजही ठरलेल्या वेळेला पिंप भरतात. मी कंपनीला दोष देत नाही. जुन्या वाहिन्या, जुने मीटर, उंच-सखल भूगोल, यावर कोणाकडेच जादू नाही. पण "कंपनी आली की चोवीस तास" ही खात्री या शहराने तरी अजून दिलेली नाही.

बाहेरचे दाखले सोसायटीत नेहमी अर्धवट सांगितले जातात, म्हणून पूर्ण सांगते. मनिलात 1997 मध्ये शहराचे दोन भाग करून दोन कंपन्यांना पाणी दिलं. पूर्वेकडच्या कंपनीने गळती खूप कमी केली आणि बहुतेक घरांना चोवीस तास पाणी दिलं, हे खरं आहे आणि मान्य करायला हवं. त्याच वेळी, त्याच शहरात पश्चिमेची कंपनी कर्जाखाली कोसळली. आणि 2019 मध्ये पूर्वेच्या त्याच यशस्वी भागात मोठी टंचाई आली. इंग्लंडने 1989 मध्ये पाणी कंपन्या विकल्या. लंडनला पाणी देणाऱ्या थेम्स वॉटरवर आज अब्जावधी पौंडांचं कर्ज आहे आणि मे 2025 मध्ये तिला 12 कोटी 27 लाख पौंडांचा दंड झाला. पॅरिसने पंचवीस वर्षांच्या करारानंतर 2010 मध्ये पाणी परत आपल्याकडे घेतलं आणि पुढच्याच वर्षी दर 8 टक्क्यांनी कमी केला. आपल्याकडे नागपूरने 2012 पासून 25 वर्षांसाठी चालवणं कंपनीकडे दिलंय, मालकी पालिकेकडे ठेवून.

आणि एक उदाहरण मला सगळ्यांपेक्षा जवळचं वाटतं: कंबोडियाचं नोम पेन्ह. युद्धातून उठलेलं शहर. 1993 मध्ये 'एक सोन चान' नावाच्या अभियंत्याने तिथला सार्वजनिक पाणीपुरवठा हातात घेतला तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश पाणी वाया जात होतं. त्यांनी मीटर बसवले, पैसे न भरणाऱ्या बड्या ग्राहकांचीही जोडणी तोडली, कर्मचाऱ्यांना चांगला पगार दिला. गळती सहा-सात टक्क्यांवर आली. त्या पाण्याची बहुतांश मालकी सरकारचीच राहिली. 2006 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपल्या महापालिकेचं अपयश, कारण ते झाकून अभिप्राय पुरा होणार नाही. मुंबईत येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे तिसरा हिस्सा गळती, चोरी आणि मोजणीच्या गोंधळात हरवतो. तुळशी तलावात पूर्ण भरल्यावर 8,046 दशलक्ष लिटर पाणी असतं. तेवढं आपण आठवड्याभरात घालवतो. हा आकडा वाचून मला झोप लागत नाही, कारण हेच पाणी जिथून येतं त्या शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. भातसा आणि तानसा त्यांच्या शेजारी, पाणी मुंबईला. कोणत्याही मालकीत हे अन्यायच आहे, आणि सार्वजनिक मालकीत तो आपला आहे.

दुसरी त्रुटी उत्तरदायित्वाची. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरसेवक नाही तर वॉर्डाच्या पाण्यावर सभागृहात बोलणार कोण? सार्वजनिक मालकीचा सगळा फायदा विचारणारा माणूस असण्यात आहे. तो काढून घेतला तर फक्त मक्तेदारी उरते, आणि ती कंपनीच्या मक्तेदारीपेक्षा फारशी बरी नाही.

विचारणारे असले की काय होतं ते मलबार हिलवर दिसलं. हँगिंग गार्डनखालचा ब्रिटिशकालीन जलाशय पाडून नवा बांधायचा प्रस्ताव होता, सुमारे 698 कोटींचा. परिसरातले लोक झाडांसाठी आणि बागेसाठी उभे राहिले, तज्ज्ञांची समिती झाली, त्यात आयआयटीचे प्राध्यापक आणि रहिवासीही होते. जलाशयाचे कप्पे रिकामे करून आत उतरून तपासणी झाली. पाडायची गरज नाही, दुरुस्ती पुरेल, असं मत पुढे आलं आणि प्रस्ताव थांबला. सामान्य माणूस जलाशयात उतरून भिंती बघतो, त्याचं मत कागदावर येतं. कंपनीच्या मालमत्तेत हे होऊ शकलं असतं का, याचा विचार करा.

गुण देते. नळाचं पाणी, तलावापासून टेकडीवरच्या जलाशयापर्यंत: पाचपैकी साडेचार. जलाशयापासून आपल्या गेटपर्यंत: अडीच, कारण दाब कमी-जास्त होतो, वाहिन्या थकल्या आहेत आणि कोणत्या भागात किती पाणी सोडलं हे सामान्य माणसाला कळत नाही. दर: पाच. गरिबाला पोहोचण्याबाबत: दोन, वाढत आहे. टँकर: अर्धा, तोही फक्त ड्रायव्हरसाठी, तो रात्रीबेरात्री येतो आणि त्याला त्या धंद्यातून फार काही मिळत नाही. जार: शून्य.

सोसायट्यांनी काय करावं तेही लिहिते. मीटरचा आकडा दर महिन्याला स्वतः वाचून वहीत लिहा आणि बिलाशी जुळवा. आमच्याकडे अचानक वाढलेला आकडा बघून तळटाकीचा फ्लोट बिघडल्याचं सापडलं. टाक्या वर्षातून दोनदा धुवा. शेजारी खोदकाम सुरू असेल तर रोज एक पेला पाणी उजेडात धरून बघा. सक्शन पंप थेट लाइनला जोडू नका, तुम्ही ओढलेलं पाणी पुढच्या गल्लीचं असतं आणि रिकाम्या लाइनमध्ये घाण शिरते. आणि वॉर्ड ऑफिसला जाताना फक्त आपल्या इमारतीची तक्रार नेऊ नका. आम्ही गेल्या मीटिंगमध्ये ठराव केला आहे की के पूर्व वॉर्डाला रोज किती पाणी मिळतं, किती मोजलं जातं आणि किती हरवतं, याचे आकडे दर तिमाहीला जाहीर करावेत. आसपासच्या सोसायट्यांच्या सह्या घेणं सुरू आहे. ताईंच्या गल्लीतल्या गटजोडणीवाल्या घरांच्याही घेतल्या आहेत, कारण वाहिनी एकच आहे.